नैराश्याची गोळी : पहिल्या दिवसापासून शेवटच्या मात्रेपर्यंत

नैराश्यावरील औषधांचे वैशिष्ट्य असे की त्यांचा त्रास आधी जाणवतो, गुण उशिरा येतो, आणि गुण आल्यानंतरही ती कित्येक महिने चालू ठेवून शेवटी टप्प्याटप्प्यानेच थांबवावी लागतात. तापाची किंवा डोकेदुखीची गोळी तासाभरात आराम देते आणि बरे वाटताच ती बंद करण्यात काही गैर नसते. त्याच सवयीने रुग्ण या गोळीकडे पाहतो, आणि मग पहिल्या आठवड्यात मळमळले म्हणून किंवा दोन महिन्यांनी बरे वाटू लागले म्हणून ती परस्पर बंद होते. या औषधांविषयी कानावर येणाऱ्या पुष्कळ तक्रारींचे मूळ हा क्रम रुग्णाला पहिल्या भेटीतच कोणी समजावून न सांगण्यात आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर २० प्रौढांमागे साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्याचा विकार झाल्याचे दिसले होते, आणि त्यांतील बहुसंख्यांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. जे थोडे लोक उपचारापर्यंत पोचतात, त्यांची गोळी केवळ माहितीअभावी सुटावी ही गोष्ट म्हणूनच अधिक खेदाची आहे.

ही औषधे कोणत्याही सिद्धान्तातून जन्मली नाहीत. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कमधील स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड नावाचे नवे औषध दिले जात असताना, मरगळलेल्या रुग्णांची भूक वाढल्याचे आणि ते उत्साहाने वावरू लागल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले, आणि १९५७ मध्ये नेथन क्लाइन या मनोविकारतज्ज्ञाने तेच औषध नैराश्याच्या रुग्णांसाठी वापरून पाहिले. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांना असे आढळले की स्किझोफ्रेनियावर उपयोगी पडेल म्हणून तपासायला आलेले इमिप्रामिन त्या आजारावर चालत नाही, पण खोल नैराश्यातील रुग्णांना मात्र त्याने गुण येतो. गुण आधी दिसला आणि त्याचे कारण नंतर शोधले गेले. इप्रोनियाझिड मोनोअमाइन ऑक्सिडेज या विकराला, म्हणजे सेरोटोनिनसारखी रसायने मोडून टाकणाऱ्या प्रथिनाला, अडवते असे कळले. इमिप्रामिन ही रसायने चेतापेशीत परत शोषली जाण्याला अडथळा करते असे कळले. आणि त्यावरून नैराश्य म्हणजे मेंदूतील सेरोटोनिनची कमतरता असे एक सुटसुटीत स्पष्टीकरण रूढ झाले. अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळालेल्या फ्लुऑक्सेटिनबरोबर ते घरोघरी पोचले.

आज भारतात सर्वाधिक लिहिल्या जाणाऱ्या एस्सिटॅलोप्रॅम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन या औषधांचा गट ‘एसएसआरआय’ या आद्याक्षरांनी ओळखला जातो. दोन चेतापेशींमध्ये एक अतिसूक्ष्म फट असते. एक पेशी त्या फटीत सेरोटोनिन सोडते, ते पलीकडच्या पेशीला संदेश देते, आणि मग पहिल्याच पेशीवरील वाहक प्रथिने ते परत आत ओढून घेतात. ही औषधे त्या वाहक प्रथिनांना अडवतात, त्यामुळे सेरोटोनिन फटीत अधिक काळ टिकते. मात्र ही अडवणूक पहिल्या काही तासांतच सुरू होते आणि मन हलके व्हायला दोन ते चार आठवडे, पूर्ण गुण यायला सहा ते आठ आठवडेही लागतात. तेव्हा नुसती कमतरता भरून काढणे हे या औषधांचे कार्य असते तर एवढा विलंब का लागावा, याचे उत्तर त्या जुन्या स्पष्टीकरणात मिळत नाही. चेतापेशींच्या परस्परजोडण्या हळूहळू बदलतात आणि भोवतालच्या घटनांमधले दुःखद तेवढेच टिपण्याची मेंदूची सवय सैल होत जाते, असे आता मानले जाते. २०२२ मध्ये जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेऊन सेरोटोनिनच्या कमतरतेला सबळ पुरावा नसल्याचे दाखवले, तेव्हा ‘मग गोळ्याही खोट्याच’ असा निष्कर्ष अनेकांनी काढला. तो बरोबर नाही. औषध कसे काम करते हा एक प्रश्न आहे आणि ते काम करते का हा दुसरा. दुसऱ्याचे उत्तर चाचण्यांतूनच मिळते.

आंद्रेया चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात २१ औषधांच्या ५२२ चाचण्यांचे, म्हणजे सव्वा लाखाच्या जवळपास रुग्णांच्या माहितीचे, एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. प्लासिबोच्या, म्हणजे औषधी घटक नसलेल्या पण दिसायला तशाच गोळीच्या, तुलनेत सर्वच औषधे सरस ठरली, पण हा सरसपणा सरासरीने माफकच होता. औषध घेणाऱ्यांपैकी साधारण निम्म्या लोकांची लक्षणे लक्षणीयरीत्या उतरतात, आणि प्लासिबो घेणाऱ्यांतही तसे होणाऱ्यांचे प्रमाण एक-तृतीयांशाहून कमी नसते. अमेरिकेतील ‘स्टार-डी’ या मोठ्या अभ्यासात पहिल्या औषधाने लक्षणांपासून पूर्ण मुक्त झालेल्या रुग्णांचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांश होते. रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ इतकाच की पहिल्या गोळीने गुण आला नाही तर त्यात त्याचा दोष नाही आणि उपचाराची वाटही संपलेली नाही. मात्रा वाढवणे, दुसऱ्या गटातील औषध देणे, समुपदेशनाची जोड देणे हे पुढचे टप्पे ठरलेलेच असतात.

या पुराव्यातील एक भाग थेट गोव्यातून आलेला आहे. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी तेथील सामान्य बाह्यरुग्ण विभागांत आलेल्या ४५० प्रौढांवर केलेली, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी फ्लुऑक्सेटिन, प्लासिबो आणि मानसशास्त्रीय उपचार यांची तुलना करणारी होती. दोन महिन्यांनी फ्लुऑक्सेटिन घेणारे प्लासिबो घेणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे बरे होते, पुढे मात्र हा फरक ओसरत गेला. मानसशास्त्रीय उपचाराचा लाभ त्या चाचणीत दिसला नाही, पण त्याच गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये स्थानिक, बिगरडॉक्टर समुपदेशकांनी दिलेला, रुग्णाला रोजच्या अर्थपूर्ण कामांकडे पावलापावलाने परत नेणारा उपचार तीव्र नैराश्यातही उपयोगी पडतो, असे २०१७ मध्ये सिद्ध झाले. म्हणून सौम्य नैराश्यात गोळी हाच पहिला उपाय असला पाहिजे असे नाही. मध्यम आणि तीव्र नैराश्यात मात्र गोळी टाळत राहण्याची किंमत मोठी असते. थायरॉईड ग्रंथीचा स्राव कमी पडल्यानेही अगदी अशीच मरगळ येते, तेव्हा सुरुवातीला रक्ततपासणी सांगितली गेली तर ती अनाठायी नसते.

पहिले पंधरा दिवस हा सर्वांत नाजूक काळ. एस्सिटॅलोप्रॅमचेच उदाहरण घ्यायचे तर पुष्कळ डॉक्टर पहिला आठवडाभर पाच मिलिग्रॅम देऊन मग दहावर नेतात आणि गोळी सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगतात, कारण भरल्या पोटी मळमळ कमी होते आणि सकाळच्या मात्रेने झोपमोड टळते. तरीही पहिल्या काही दिवसांत पोटात ढवळणे, शौचाला पातळ होणे, डोके जड वाटणे, सारख्या जांभया, घाम, झोपेत विचित्र स्वप्ने यांतले काही ना काही अनेकांना जाणवते. काहींची तर घालमेल आधीपेक्षा वाढते, छातीत धडधडते, एका जागी बसवत नाही, आणि आपला आजारच बळावला असे वाटू लागते. हे बहुतेक त्रास दुसऱ्या आठवड्याअखेरीस ओसरतात; ओसरले नाहीत किंवा असह्य झाले तर मात्रा कमी करण्यासाठी डॉक्टरांकडे जावे, गोळी परस्पर बंद करू नये. गुण येतो तोही एकदम येत नाही. झोप थोडी लागते, ताटातले अन्न संपते, चिडचिड उतरते, आणि हे बदल बहुधा रुग्णाआधी घरच्यांना दिसतात; उदासी सर्वांत शेवटी हलते. एखादी मात्रा चुकलीच तर आठवताच घ्यावी, पण दुसऱ्या मात्रेची वेळ आली असेल तर चुकलेली सोडून द्यावी. एकदम दोन गोळ्या घेऊ नयेत.

या काळात आत्महत्येच्या विचारांवर नजर ठेवणे आवश्यक असते, आणि तरुण रुग्णांच्या बाबतीत तर विशेषच. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुले व किशोरांसाठी, आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी, या औषधांच्या माहितीपत्रकावर सर्वांत ठळक प्रकारचा इशारा छापणे बंधनकारक केले. त्याचा आधार असा की मुलांच्या चाचण्यांमध्ये आत्महत्येचे विचार किंवा तशी वर्तणूक औषध घेणाऱ्या सुमारे चार टक्के मुलांत, तर प्लासिबो घेणाऱ्या दोन टक्के मुलांत दिसली होती. त्या चाचण्यांत प्रत्यक्ष आत्महत्या एकही झालेली नव्हती. या इशाऱ्यामुळे औषध नाकारण्यापेक्षा पहिला महिनाभर दर आठवड्याला भेट ठेवणे आणि घरातील एका व्यक्तीने, टोमणे न मारता आणि उपदेश न करता, ‘मरणाचे विचार येतात का’ हे सरळ विचारणे हितकर असते. असे विचारल्याने ते विचार मनात रुजतात ही समजूत खोटी आहे. रात्री-अपरात्री बोलायला कोणी नसेल तर केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध असते आणि तेथे मराठीतही बोलता येते.

आणखी एक गोष्ट गोळी सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगायला हवी. पूर्वी कधी काही दिवस किंवा आठवडे झोपेची गरजच न भासणे, अखंड बोलणे, भरमसाट खर्च, मोठमोठ्या योजना असा काळ येऊन गेला असेल, किंवा घरात कोणाला तसा आजार असेल, तर समोरचे नैराश्य हे द्विध्रुवीय विकाराचे एक टोक असू शकते, आणि अशा वेळी केवळ नैराश्याची गोळी दिल्यास रुग्ण दुसऱ्या टोकाला, म्हणजे उन्मादाकडे, ढकलला जाण्याचा धोका असतो. उदास माणसाला आपला तो जुना उत्साहाचा काळ आजार म्हणून आठवत नाही. तो घरच्यांनाच आठवतो, म्हणून पहिल्या भेटीला घरचे माणूस बरोबर असणे फार उपयोगाचे.

आपल्याकडच्या चिठ्ठ्यांमध्ये एक प्रकार इतका सर्रास आढळतो की त्याबद्दल थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. एस्सिटॅलोप्रॅम आणि क्लोनाझेपाम ही दोन औषधे एकाच गोळीत घालून विकली जातात आणि चिठ्ठीवर ‘०-०-१’, म्हणजे फक्त रात्री एक गोळी, एवढेच लिहिलेले असते. क्लोनाझेपाम हे बेन्झोडायझेपिन गटातील, म्हणजे चिंता तत्काळ शमवून झोप आणणारे औषध आहे. त्याचा परिणाम पहिल्याच रात्री जाणवतो आणि सुरुवातीची घालमेल शमवण्यासाठी दोन-चार आठवडे ते देणे रास्तही असते. पण शरीराला त्याची सवय लागते, तीच मात्रा पुढे अपुरी पडू लागते, वृद्धांमध्ये तोल जाणे आणि विस्मरण वाढते. एसएसआरआय औषधांनी अशी ओढ निर्माण होत नाही. त्यांची मात्रा वाढवत नेण्याची तलफ येत नाही. जोडगोळी घेणाऱ्याला मात्र हा भेद कळण्याचा मार्गच उरत नाही: गुण कोणाचा, गुंगी कोणाची, सवय कोणाची, सारे एका पाकिटात मिसळते, आणि ‘या गोळ्यांची सवय लागते’ हा ठपका दोन्हींवर बसतो. पुढे जुनी चिठ्ठी दाखवून वर्षानुवर्षे तीच पट्टी आणली जाते. म्हणून चिठ्ठी हातात पडताच यात झोपेचे औषध आहे का, आणि ते किती दिवसांसाठी आहे, हे दोन प्रश्न विचारायलाच हवेत. शक्य असेल तर दोन औषधे वेगवेगळ्या गोळ्यांत मागावीत, म्हणजे एक थांबवताना दुसरे चालू ठेवता येते.

गोळीची पट्टी कापून चार-सहा गोळ्या दिल्या जातात तेव्हा औषधाचे मूळ नाव कापलेल्या भागावर राहून जाते, आणि रुग्णाजवळ उरतो तो फक्त रंग आणि आकार. ब्रँडची नावे अनेक असली तरी आतील घटकाचे नाव एकच असते, आणि ते वहीत लिहून ठेवणे फार गरजेचे आहे, कारण नैराश्याची औषधे नैराश्याखेरीज इतर आजारांवरही दिली जातात. मधुमेहाने पायांना येणाऱ्या मुंग्या आणि जळजळ यांवर ड्युलॉक्सेटिन किंवा नॉरट्रिप्टिलिन, अर्धशिशीवर अमिट्रिप्टिलिन देणे ही रूढ उपचारपद्धती आहे. फिजिशियन आणि मनोविकारतज्ज्ञ यांना एकमेकांच्या चिठ्ठ्या ठाऊक नसतील तर एकाच प्रकारचे औषध दोन नावांनी पोटात जाते. अमिट्रिप्टिलिनच्या जुन्या गटाने तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ होते, वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी असलेल्यांना लघवी अडते, आणि अतिमात्रा झाल्यास हृदयाची लय बिघडून जीव धोक्यात येतो, म्हणून अशा गोळ्यांचा साठा घरात मोकळा ठेवू नये.

इतर औषधांशी होणारे संघर्ष मोजकेच, पण गंभीर असतात. सेरोटोनिन वाढवणारी दोन औषधे एकत्र आली तर थरथर, घाम, जुलाब, ताप, स्नायूंचे आकडणे आणि भ्रम अशी अवस्था येऊ शकते. तिला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात आणि ती तातडीने रुग्णालयात नेण्याजोगी असते. दुखण्यावरील ट्रामाडॉल आणि कोरड्या खोकल्याच्या काही सिरपांतील डेक्स्ट्रोमेथॉर्फान ही त्यातली घरात सहज येणारी नावे. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर आज वापरले जाणारे लिनेझोलिड हेही मोनोअमाइन ऑक्सिडेजला, म्हणजे इप्रोनियाझिड ज्याला अडवत असे त्याच विकराला, अडवते. तेव्हा नैराश्याची गोळी चालू असल्याचे क्षयरोग केंद्रात आवर्जून सांगितले पाहिजे. क्षयाच्या दीर्घ उपचारात नैराश्य येणे मुळीच दुर्मीळ नसल्याने हा प्रसंग नुसता पुस्तकी नाही. गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन किंवा हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत एसएसआरआयमुळे जठरातून रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. शौच डांबरासारखे काळे झाले तर थांबू नये. साठीपुढच्या रुग्णांत, विशेषतः रक्तदाबासाठी लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी चालू असताना, रक्तातील सोडियम घसरून सुस्ती, गोंधळ आणि पडण्याचे प्रसंग उद्भवतात, आणि घरचे लोक ते म्हातारपणावर ढकलतात. पहिल्या महिन्यात सोडियमची एक तपासणी केल्याने हा घोळ टळतो. स्तनांच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांनी पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन टाळावे, कारण टॅमॉक्सिफेनला कार्यक्षम रूप देणारे यकृतातील विकर ती औषधे अडवतात. दारू या गोळ्यांबरोबर घेऊ नये.

ज्या दुष्परिणामाबद्दल रुग्ण सर्वांत कमी बोलतो आणि ज्याच्यापायी गोळी सर्वांत गुपचूप सुटते, तो म्हणजे कामेच्छा मंदावणे, वीर्यस्खलन किंवा कामपूर्ती लांबणे वा न होणे. एसएसआरआय घेणाऱ्या स्त्री-पुरुषांत हे बऱ्याच प्रमाणात आढळते आणि मळमळीप्रमाणे ते पंधरा दिवसांत आपोआप जातेच असे नाही. नैराश्यातही इच्छा मावळलेली असते, त्यामुळे औषधाचा वाटा कोणता हे ठरवण्यासाठी डॉक्टरांनी गोळी सुरू करण्यापूर्वीच याविषयी विचारायला हवे. गर्दीच्या ओपीडीत, सासू किंवा भाऊ शेजारी उभा असताना, रुग्णाने हे आपणहून सांगावे ही अपेक्षा क्रूर आहे. उपाय असतात: मात्रा कमी करणे, किंवा हा त्रास क्वचितच देणाऱ्या बुप्रोपिऑन वा मिर्टाझापिन या औषधांकडे वळणे. मिर्टाझापिनने झोप आणि भूक वाढते, वजनही वाढते, म्हणून ते कोणाला वर ठरते आणि कोणाला शाप. गर्भधारणेबाबत एवढेच, की दिवस गेल्याचे कळताच घाबरून गोळी एकदम बंद करू नये. काही औषधे बदलावी लागतात, सर्ट्रालिनसारखी काही स्तनपानाच्या काळातही बहुधा चालतात, आणि उपचार न झालेले नैराश्य आई व बाळ दोघांनाही घातक असते.

बरे वाटू लागल्यावर गोळी किती काळ घ्यायची, याचे उत्तर पहिल्या खेपेच्या नैराश्यात साधारण असे दिले जाते, की लक्षणे पूर्ण गेल्यापासून पुढे किमान सहा ते नऊ महिने. नैराश्य वारंवार उलटत असेल तर दोन वर्षे किंवा त्याहून अधिक. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील एका चाचणीत दीर्घकाळ गोळी घेऊन बरे असलेल्या ४७८ लोकांपैकी निम्म्यांचे औषध त्यांना न कळता हळूहळू प्लासिबोवर नेले गेले, तेव्हा वर्षभरात त्यांच्यातील ५६ टक्क्यांचे आणि गोळी चालू असलेल्यांतील ३९ टक्क्यांचे नैराश्य परतले. हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावे लागतात: गोळी संरक्षण देते, पण पूर्ण नाही, आणि थांबवणाऱ्यांपैकी चाळीसहून अधिक टक्के लोक वर्षभर ठीक राहिले.

थांबवण्याची रीत मात्र आजही बऱ्याच ठिकाणी घाईची आहे. अचानक बंद केल्यास दोन-चार दिवसांत चक्कर, मळमळ, चिडचिड, भडक स्वप्ने आणि डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी चमक असे त्रास होऊ शकतात. २०२४ मधील एका मोठ्या विश्लेषणानुसार, निव्वळ औषध सुटल्यामुळे होणारा असा त्रास साधारण सहा-सात जणांपैकी एकाला, आणि तीव्र स्वरूपात ३५ जणांपैकी एकाला होतो. शरीरातून झपाट्याने निघून जाणाऱ्या व्हेन्लाफॅक्सिन व पॅरॉक्सेटिनने तो अधिक, आठवडेच्या आठवडे रेंगाळणाऱ्या फ्लुऑक्सेटिनने कमी. मात्रा निम्मी, मग पाव आणि मग शून्य ही सोपी पद्धत अनेकांना का जड जाते, याचे कारण मेंदूच्या छायाचित्रणातून कळले आहे: सिटॅलोप्रॅमची २० मिलिग्रॅम मात्रा सेरोटोनिनच्या वाहक प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के अडवते, पण पाच मिलिग्रॅमही निम्म्याहून अधिक अडवतेच. म्हणजे वीसवरून दहावर उतरताना मेंदूला फारसे कळत नाही, आणि पाचवरून शून्यावर येताना मात्र तो मोठ्या उंचीवरून उतरतो. म्हणून शेवटचे टप्पे सर्वांत लहान आणि सर्वांत सावकाश असावेत, त्यासाठी जेथे मिळते तेथे औषधाचे द्रवरूप वापरावे, आणि वर्षानुवर्षे गोळी घेतलेल्यांनी त्याला काही महिने द्यावेत. एक दिवसाआड गोळी घेणे ही मात्रा कमी करण्याची योग्य रीत नव्हे, कारण लवकर उतरणाऱ्या औषधांची पातळी त्यामुळे रोज वरखाली होत राहते.

मात्रा कमी करताना पुन्हा वाईट वाटू लागले तर ते औषध सुटल्याचे की आजार परतल्याचे, हे बहुधा काळावरून ओळखता येते. काही दिवसांत सुरू होणारा, चक्कर आणि विजेसारख्या चमकांसह येणारा, आणि मागची मात्रा घेताच एक-दोन दिवसांत शमणारा त्रास औषध सुटल्याचा असतो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी, मूळच्याच खुणांनी, हळूहळू दाटत येणारी उदासी आजाराची असते. पहिल्या प्रकारात मागच्या मात्रेवर परत जाऊन पुढची पायरी अधिक लहान घ्यावी, दुसऱ्या प्रकारात उपचार पुन्हा पूर्ण मात्रेने सुरू करावे लागतात, आणि दोन्ही प्रकारांत कोणत्या तारखेला किती मात्रा घेतली व काय जाणवले याची वहीतली नोंद डॉक्टरांना कोणत्याही तपासणीपेक्षा अधिक सांगते.